आमची वाटचाल : पेर, काडी आणि डोळा

1998 ला फर्म सुरू केली तेव्हा बोर्डावर 'सूक्ष्म छायाचित्रण' लिहिलेलं आणि लोक आत येऊन पासपोर्ट फोटोचा रेट विचारायचे. सांगलीत फोटोग्राफर म्हणजे लग्नाचा, दुसरा कुठला असतो हे कुणाला पटायचंच नाही. आम्ही लग्नाची ऑर्डर आजपर्यंत एकदाही घेतलेली नाही आणि हे मी अभिमानानं सांगतो. आमचं काम म्हणजे उसाचं पेर, द्राक्षाची काडी, डाळिंबाचं खोड, त्यावरची लव, भेगा, सालीखाली लपलेली कीड. तेव्हा एक बेलोज होता, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यापासून लांब नेणारा घडीचा भाता, 50 मिलिमीटरची लेन्स रिव्हर्स रिंगवर उलटी लावायची, स्लाइड फिल्म बाहेरून मागवायची आणि वारं सुटलं की अख्खा रोल वाया.

नाव झालं ते लोकरी मावा या रस शोषणाऱ्या किडीच्या वेळी. 2002 ला पश्चिम महाराष्ट्रात उसावर मावा आला, पानाच्या खालच्या बाजूला नुसता पांढरा कापूस, लोक घाबरून पंप घेऊन सुटले आणि त्या फवारणीत मावा खाणारी डिफा नावाच्या पतंगाची अळीपण मरायला लागली, कारण मित्रकीड कुठली आणि शत्रू कुठला हेच कुणाला ओळखता येत नव्हतं. आम्ही ती अळी माव्यात घुसून खाताना काढली, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. ते पोस्टर कारखान्याच्या शेती ऑफिसात लागलं आणि लोक पानं घेऊन पोस्टरशी ताडून बघायला लागले. पोस्टर असंच वापरायचं असतं.

त्याच सुमारास तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार आले, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ऑक्टोबर छाटणीच्या आधी पिशवीत काड्या घेऊन आले आणि म्हणाले, "पोरा, ह्यातला डोळा जिता हाय का मेलाय एवढं दाव." डोळा म्हणजे काडीवरची कळी, जिथून नवी फूट येते; द्राक्षाच्या एका डोळ्यात तीन डोळे असतात, मधला मुख्य, तो करपला की बाजूचा फुटतो पण त्याला घड कमीच. ब्लेडनं आडवा छेद घ्यायचा आणि लगेच फोटो काढायचा, हिरवा की तपकिरी ते स्क्रीनवर स्वच्छ दिसतं. तेव्हापासून अण्णा दर छाटणीला येतात, शेजारच्या चार बागांच्या काड्यापण घेऊन येतात आणि बिल कधी कमी करा म्हणाले नाहीत.

अण्णांच्या कामासाठीच मी कॅननची एमपी-ई 65 ही मॅक्रो लेन्स घेतली. ऑटोफोकस नाही, लांबचं काही दिसत नाही, वस्तू एकपट ते पाचपट मोठी दाखवते एवढंच करते पण तिच्यासारखी दुसरी लेन्स मी हाताळलेली नाही. पाचपटीला लेन्स आणि काडीत जेमतेम 4 सेंटिमीटर अंतर राहतं आणि एफ 2.8 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं असताना, शार्प भाग 0.05 मिलिमीटरच्या आसपास. मग नवीन पोरं काय करतात तर छिद्र बारीक करून एफ 16 लावतात, पाचपटीला ते परिणामी एफ 96 होतं आणि सगळी लव पिठासारखी दिसते. त्यापेक्षा कॅमेरा सरकवायची रेल घ्या, थोडं थोडं सरकवत फोटो घ्या आणि हेलिकॉन किंवा झेरीन या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक करा, म्हणजे सगळ्या फोटोंचे शार्प भाग जोडून एक फोटो करा. फ्लॅशला बटर पेपरचा डिफ्यूजर लावा, शेतात काडी क्लिपनं बांबूला धरा आणि ऊन तापायच्या आत काम उरका.

मधली बरीच वर्षं काम चालू होतं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी 45 फूट आणि पाणी 57 च्या वर गेलं. आमचं दुकान सांगलीच्या गावभागात, नदीकाठच्या जुन्या वस्तीत. कॅमेरा आणि एमपी-ई मी घरी नेली होती म्हणून वाचली, बाकी बेलोज, फ्लॅश, कॉम्प्युटर आणि 98 पासूनच्या स्लाइड सगळं गाळात. इथं एक सांगून ठेवतो, स्लाइड भिजल्या तर घाईनं वाळवू नका, वाळल्या की एकमेकींना चिकटतात आणि मग चित्रच निघून येतं. स्वच्छ गार पाण्यात ठेवा, एकेक माउंटमधून काढून धुवा, मग टांगा. बायको, मी आणि पोरगी गच्चीवर दोऱ्या बांधून हेच करत होतो, निम्म्यापेक्षा जास्त वाचवल्या.

आणि आम्ही गाळ काढत असताना आमच्याकडेच शिकलेला एक जण आमच्या गिऱ्हाइकांकडे जाऊन सांगत होता की त्यांचं संपलं, सगळं पाण्यात गेलं. निम्मा रेट. ज्या औषध कंपनीचं काम आम्ही इतकी वर्षं केलं त्यांनी आम्हाला एक फोनसुद्धा न करता उसाच्या पोस्टरची ऑर्डर त्याला दिली. त्यानं कुठून तरी उचललेले फोटो लावले. खोडाच्या पेरावर, पाचटाखाली बसलेला पिठ्या ढेकूण आणि खाली छापलंय लोकरी मावा! दोन्ही पांढरे म्हणून काय एक झाले? मावा पानाखाली मधल्या शिरेच्या कडेनं बसतो, पिठ्या पेरावर, पाचट सोललं की दिसतो. ज्यानं उसात वाकून एकदा तरी फोटो काढलाय त्याला हे चुकणारच नाही. तेव्हा मी काहीच बोललो नाही पण राग अजून गेलेला नाही.

त्या वर्षी अण्णा चिखल तुडवत आले, काड्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि पुढच्या दोन छाटण्यांचे पैसे आधीच दिले. त्यातून रेल आणि फ्लॅश आला. आता मुलगी स्टॅकिंग बघते, आटपाडी-जतकडच्या डाळिंबाचं काम वाढलंय, तेल्या रोगाचे डाग आणि खोडाला भोकं पाडणारा भुंगेरा. मोबाईलनं काढलेला फोटो चालेल का विचारतात, चालतो, पण शेजारी पट्टी ठेवा, नाहीतर कीड केवढी ते कळणार कसं?

आणि हो, ते चुकीचं पोस्टर अजून काही सोसायट्यांच्या भिंतीवर आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी काढून गावभागात आणून द्यावं, आम्ही पिठ्या आणि मावा शेजारी शेजारी छापलेलं आमचं पोस्टर बदल्यात देतो, पैसे घेत नाही.