मेण तयार होते, अडले होते ते घराच्या कागदावर

जीएसटी क्रमांकासाठी पहिला अर्ज मी १८ ऑगस्ट २०२५ रोजी भरला आणि क्रमांक हाती आला तो २४ सप्टेंबरला. मधल्या ३७ दिवसांपैकी जवळजवळ सगळे दिवस जागेच्या पुराव्याच्या एकाच प्रश्नावर गेले, आणि त्या प्रश्नाचा मेणबत्तीशी काडीचाही संबंध नव्हता. घरून मेणबत्त्या करणाऱ्या, विशेषतः सासरच्या जुन्या घरातून व्यवसाय करणाऱ्या बायकांना हे आधी माहीत असावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. माडीवरच्या खोलीत मी गेली तीन वर्षे सोया मेणाच्या, काचेच्या जारमधील सुगंधी मेणबत्त्या तयार करते. सुरुवातीला ओळखीपाळखीत, नंतर बचत गटाच्या प्रदर्शनांत आणि पुढे राजारामपुरीतील दोन भेटवस्तूंच्या दुकानांत माल जाऊ लागला. तोपर्यंत जीएसटीचा विचार करण्याची गरज पडली नाही, कारण केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्यास महाराष्ट्रात वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणी करावी लागत नाही आणि माझी उलाढाल त्याच्या आसपासही नाही. प्रश्न उभा राहिला तो निपाणीच्या एका दुकानदारामुळे. त्यांनी दिवाळीसाठी १५० ग्रॅमचे १२० जार मागितले. निपाणी आमच्यापासून जेमतेम ४० किलोमीटरवर, तिथली निम्मी खरेदी कोल्हापुरात होते, बोली आपलीच. पण ती कर्नाटकात आहे. दुसऱ्या राज्यात माल विकायचा म्हटले की ४० लाखांच्या मर्यादेचा आधार घेता येत नाही, आणि कराचे बिल असल्याशिवाय माल घेणार नाही, असे दुकानदारांनीही स्पष्ट सांगितले. त्यांचे बरोबरच होते.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, तर मी एका दुपारी मोबाइलवरच केली होती. तिला आधार आणि पॅन पुरते आणि एक रुपयाही शुल्क लागत नाही. शुल्क मागणारी संकेतस्थळे सरकारी नसतात, एवढे लक्षात ठेवावे. जीएसटीच्या अर्जाचेही फोटो, पॅन, आधारवरील ओटीपी हे टप्पे झटपट पार पडले. मग आला व्यवसायाच्या जागेचा पुरावा.

घर सासऱ्यांनी बांधलेले. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली, परंतु विजेचे बिल त्यांच्याच नावाने येत होते. नाव बदलण्याचा विषय यजमानांनी दोनदा काढला होता आणि दोन्ही वेळा सासूबाई म्हणाल्या होत्या, "महिन्याला एकदा त्यांचं नाव दारात येतं, येऊ दे की." त्यापुढे कोणी बोलले नाही. घरफाळ्याची पावतीही सासऱ्यांच्याच नावाची. अर्जात जागेचा प्रकार निवडताना मी 'संमती' हा पर्याय घेतला, सासूबाईंचे संमतिपत्र आणि आधार कार्ड जोडले आणि जागेचा पुरावा म्हणून ते वीजबिल जोडले. मृत्यूचा दाखलाही जोडावा, असे त्या वेळी माझ्या मनात आले नाही, कारण आमच्या दृष्टीने घर सासूबाईंचेच होते.

२६ ऑगस्टला, हरतालिकेच्या दिवशी, खुलासा मागवणारी नोटीस आली. मजकूर एका ओळीचा होता: जोडलेल्या कागदपत्रांवरून जागेची मालकी स्पष्ट होत नाही, तरी खुलासा करावा. कोणता कागद अपुरा आहे, कोणता हवा आहे, याचा उल्लेख नव्हता. उत्तरासाठी कामकाजाचे सात दिवस मिळतात आणि दुसऱ्या दिवशी गणपती बसणार होते. ज्या कार्यालयाकडे माझा अर्ज गेला होता, तिथे मी गणेश चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी गेले. दीड तास बाकावर बसल्यानंतर "मॅडम, जे विचारलंय त्याचं उत्तर ऑनलाइनच द्या" असे सांगण्यात आले. काय विचारले आहे तेच समजत नाही, म्हणून तर मी तिथे आले होते.

मग एका कर सल्लागारांच्या सांगण्यावरून मी ५०० रुपयांच्या मुद्रांकावर सासूबाईंचे प्रतिज्ञापत्र करून घेतले. गुडघे दुखत असताना, गौरी घरात असताना, त्यांना रिक्षाने नेऊन नोटरीसमोर सही करवली. त्यासोबत सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला आणि रेशन कार्ड जोडले. फाइलचा आकार मर्यादेत बसवण्यासाठी मी प्रतिज्ञापत्र इतके लहान केले, की पडद्यावर आमचे आडनावच नीट वाचता येईना. ती चूक माझी होती. ३ सप्टेंबरला उत्तर पाठवले. ११ सप्टेंबरला अर्ज नामंजूर झाला. कारण पुन्हा एकाच ओळीत: खुलासा समाधानकारक नाही.

त्या संध्याकाळी मी माडीवर गेले तेव्हा सोया मेणाच्या चुऱ्याची चार खोकी जिन्याच्या तोंडाशी तशीच पडून होती. सोया मेणाची मेणबत्ती आज ओतून उद्या विकता येत नाही. सुगंध मेणात नीट मुरण्यासाठी मी ती किमान दोन आठवडे झाकून ठेवते. त्याआधी पेटवली तर ज्योत चांगली असूनही खोलीत वास पसरत नाही आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. दिवाळी २० ऑक्टोबरला होती. दुकानदारांना माल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हवा होता. क्रमांक मिळेल की नाही याची खात्री नसताना १८ किलो मेण, त्यात सात टक्के सुगंध आणि १२० जार गुंतवावेत की नाही, हा हिशेब मी वहीत तीन वेळा मांडला आणि तिन्ही वेळा वही मिटली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच कार्यालयात गेले. या वेळी मी तक्रार सांगितली नाही. फक्त एक प्रश्न कागदावर लिहून नेला होता आणि तोच विचारला: "कोणता कागद जोडला तर चालेल?" समोरच्या कर्मचाऱ्याने माझा अर्ज उघडला, पाहिला आणि म्हणाला, "संमती देणाऱ्याचं नाव ज्याच्यावर आहे, असा जागेचा कोणताही कागद." एवढेच. हे वाक्य सांगायला त्याला दहा सेकंदही लागले नाहीत. हेच वाक्य पहिल्या नोटिशीत लिहिले असते, तर प्रतिज्ञापत्र, मुद्रांक, नोटरी, सासूबाईंची फरफट, यांतले काहीही झाले नसते. माझा राग अजून गेलेला नाही तो याच गोष्टीचा. नियम कडक असण्याला माझी हरकत नाही. दुसऱ्याच्या घराचा पत्ता देऊन बोगस नोंदणी करणारे लोक असतात, त्यामुळे जागेचा पुरावा तपासलाच पाहिजे. पण काय कमी आहे ते तपासणाऱ्याला दिसत असताना अर्जदाराला ते न सांगणे, याला तपासणी म्हणत नाहीत.

केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १७ एप्रिल २०२५ रोजी आपल्या अधिकाऱ्यांसाठी नोंदणीबाबत एक सूचनापत्र काढले आहे, हे मला नंतर कळले. जागेसाठी ठरलेल्या कागदांपलीकडे अनावश्यक कागद मागू नयेत, असा त्याचा रोख आहे, आणि संमतिपत्र साध्या कागदावर चालते, हेही त्यात आहे. ते मी आधी वाचले असते, तर मुद्रांकाच्या वाटेला गेलेच नसते. अर्ज भरण्यापूर्वी ते डाउनलोड करून वाचावे, नोटीस आल्यावर नव्हे.

आता तो कागद कुठला? तो आमच्या घरातच होता. सासरे गेल्यावर यजमानांनी सिटी सर्व्हेमध्ये, म्हणजे नगर भूमापन कार्यालयात, वारस नोंद करून घेतली होती आणि मिळकत पत्रिकेवर, म्हणजे शहरातल्या जागेच्या मालकीच्या उताऱ्यावर, सासूबाई, यजमान, दीर आणि नणंद अशी चारही नावे लागली होती. पत्रिकेची जुनी प्रत पत्र्याच्या डब्यात, लग्नपत्रिकांच्या खाली सापडली. मी राज्य सरकारच्या महाभूमी या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीची नवी प्रत काढली, कारण जुन्या प्रतीची घडी नेमकी सासूबाईंच्या नावावरून गेली होती. पुन्हा शंका निघू नये, म्हणून चौघांचीही संमती घ्यायचे ठरवले. दिरांनी पुण्याहून सही केलेले पत्र कुरिअरने पाठवले. नणंदबाई गडहिंग्लजला असतात. गौरीला त्या तीन दिवस आमच्याच घरी होत्या, माझ्याशेजारी बसून त्यांनी पाच भाज्या निवडल्या होत्या, आणि त्या वेळी एका सहीचे काम होते. ते माहीत नसल्यामुळे मला रविवारी एसटीने गडहिंग्लजला जाऊन यावे लागले.

१५ सप्टेंबरला नव्याने अर्ज भरला. नामंजूर झालेला अर्ज दुरुस्त करून पुढे नेता येत नाही, तो पहिल्या रकान्यापासून पुन्हा भरावा लागतो. अर्जाचा तात्पुरता क्रमांकही नवा मिळतो आणि तो १५ दिवसच चालतो, तेव्हा सगळे कागद हाताशी घेऊनच बसावे. या वेळी एकही प्रश्न आला नाही. २४ तारखेला दुपारी मंजुरीचा ईमेल आला. नवरात्राचा तिसरा दिवस होता. मी खाली जाऊन सासूबाईंना सांगितले आणि लगेच माडीवर जाऊन पातेल्यात पाणी तापत ठेवले.

मेण थेट आचेवर कधीही वितळवू नये, हे प्रत्येकीला माहीत असते, तरी घाईत माणूस चुकते. मी त्या दिवशीही पाण्याच्या पातेल्यातच दुसरे भांडे ठेवून काम केले. सप्टेंबरच्या दमट हवेत सोया मेणावर पांढरी बुरशीसारखी नक्षी उमटते. ती दोष नसते, पण गिऱ्हाइकाला तसे वाटते. जार आधी किंचित कोमट करून घेतले आणि खिडकीकडचा पंखा बंद ठेवला, तर ती बरीच कमी होते. १२० जार ओतायला मला दोन दिवस लागले.

दराबद्दल एक गोष्ट राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून मेणबत्त्यांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. मी ऑगस्टमध्येच १२ टक्के धरून किंमत काढली होती आणि तीच स्टिकरवर छापली होती, त्यामुळे १२० स्टिकर पुन्हा छापावे लागले. काचेच्या जारवर मात्र मी १८ टक्के कर भरते. त्याचे क्रेडिट मिळवायचे, म्हणजे तो कर आपल्या देय करातून वजा करून घ्यायचा, तर नोंदणीनंतरच्या प्रत्येक खरेदी बिलावर आपला क्रमांक असल्याची खात्री करावी. लक्ष्मीपुरीत खरेदी करताना मी आता क्रमांक लिहिलेली चिठ्ठी आधी पुढे करते आणि मग माल सांगते.

स्टिकरवर काय असावे, हेही मला उशिरा नीट समजले. निर्मात्याचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, निर्मितीचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, प्रतिग्रॅम दर आणि तक्रारीसाठी संपर्क, इतके सगळे हवे. निव्वळ वजन म्हणजे मेणाचे वजन, जारसकट नव्हे. पॅकबंद माल तयार करणाऱ्याने वैधमापन (वजन-मापे तपासणाऱ्या) विभागाकडेही नोंदणी करायची असते. त्याचे शुल्क ५०० रुपये आहे. पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत तो अर्ज करायचा असतो, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

निपाणीला माल ९ ऑक्टोबरला पोहोचला. दुकानदारांनी १२० ऐवजी ७० जारच घेतले, कारण मधल्या काळात त्यांनी दुसरीकडून माल भरला होता. त्यांना दोष देता येत नाही. मीच सप्टेंबरभर त्यांना तारीख सांगू शकले नव्हते. उरलेले ५० जार राजारामपुरीच्या दुकानांत आणि दिवाळीच्या प्रदर्शनात गेले.

क्रमांक मिळाला की काम संपले, असे समजू नये. ३० दिवसांच्या आत बँक खात्याचा तपशील भरावा लागतो. विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावेच लागते आणि उशीर झाला तर दिवसाला विलंब शुल्क लागते. पाच कोटींपर्यंतच्या उलाढालीसाठी तिमाही विवरणपत्राचा पर्याय आहे, मी तोच घेतला आहे. जागेवर प्रमाणपत्र आणि पाटीवर क्रमांक लावणेही बंधनकारक आहे, म्हणून आमच्या दारावर आता सासऱ्यांच्या नावाच्या पाटीखाली एक छोटी पाटी आली आहे.

आमच्या बचत गटातील तिघींनी माझ्याकडे संमतिपत्राचा नमुना मागितला. त्यात घराचा पत्ता मिळकत पत्रिकेवर आहे तसाच, सिटी सर्व्हे क्रमांकासह लिहावा. संमती देणाऱ्याचे नाव आधार कार्डावर आणि पत्रिकेवर एकसारखे आहे ना, ते अक्षर न् अक्षर पाहावे. कोणत्या व्यवसायासाठी जागा वापरू देत आहोत ते एका वाक्यात लिहावे आणि खाली तारीख घालावी. सासूबाईंच्या आधारवर 'बाई' होते आणि पत्रिकेवर नव्हते, ते मी दुसऱ्या अर्जाच्या आदल्या रात्री पाहिले आणि संमतिपत्रात दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे लिहून त्यांची पुन्हा सही घेतली.