बापापेक्षा थोरला लेक

पुतणीच्या जात पडताळणीची फाइल त्रुटी काढून परत आली. त्रुटी एकाच वाक्याची होती: जोडलेल्या वंशावळीनुसार महादू हा राघू याचा मुलगा आहे, परंतु नोंदींवरून मुलाचे वय वडिलांपेक्षा जास्त दिसते. (नावं सगळी बदलून लिहितेय, भावकीत उगाच नको.)

आक्षेप रास्त होता. कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये, 1918 च्या ऑक्टोबरात ‘राघू बिन बाळा, कुणबी, वय 30’ असा मृत्यू आहे. बिन म्हणजे ‘चा मुलगा’. त्याच बुकात दोन वर्षांनी ‘महादू बिन राघू, वय 45’. म्हणजे लेक बापापेक्षा तेरा वर्षांनी थोरला. दोन्ही नक्कला भावानेच मोठ्या उत्साहानं जोडल्या होत्या. ओबीसी दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो आणि आपल्याकडे थेट 1918 चा आहे, या आनंदात वयं कुणी ताडून पाहिली नाहीत.

वंशावळ आली कुठून, तर भावकीतल्या, महादूच्या फांदीवरच्या तात्यांच्या फ्लेक्सवरून. गावच्या जत्रेला तात्यांनी तासगावात मोठा फ्लेक्स छापून घेतला होता. आंब्याचं झाड, मुळाशी मूळपुरुष, फांद्यांवर आम्ही. आम्ही म्हणजे भाऊ. मी, माझ्या आत्या, तात्यांच्या स्वतःच्या तिन्ही लेकी, कुणीच त्या झाडावर नाही. तरी काम माझ्याकडे आलं, कारण निवृत्त झाल्यावर मी पुण्यात मोडीचा वर्ग केला होता. कुणबी नोंदींची शोधाशोध 2023 मध्ये सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्याला गावात जो मान आलाय, तो बँकेतल्या सगळ्या नोकरीत मला कधी मिळाला नाही.

कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्या एकानं सोपा उपाय सांगितला. महादूची फांदीच शपथपत्रातून उडवा, तुमची लाइन सरळ राहते. भावाला तो पटलाही होता. पण उद्या महादूच्या घरातलं कुणी दाखल्याला गेलं की त्यांची वंशावळ आणि आमची वंशावळ समोरासमोर येणार, आणि दक्षता पथक गावात चौकशीला आलं तर तात्या चावडीवर त्यांना काय सांगतील ते आम्हाला सांगून थोडंच सांगतील? शिवाय शपथेवर खोटं लिहायचं ते वेगळंच.

मग मी कागद गोळा करायला लागले. आमचा तालुका 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यात होता, नंतर दक्षिण सातारा झाला आणि 1960 मध्ये त्याचंच सांगली झालं. त्यामुळे कुठलाही जुना कागद मागितला की सांगलीत म्हणतात साताऱ्यात विचारा आणि साताऱ्यात म्हणतात ते केव्हाच तिकडं पाठवलं. कोर्ट फी स्टॅम्प लावून नकलेचे अर्ज करत राहायचं.

फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद, मिळाला तो 1926 चा: ‘खातेदार राघू बाळा मयत, वारस बाळा राघू, अ. पा. क. आई सोना’. अज्ञान पालनकर्ती आई. हा वारस बाळा म्हणजे माझे आजोबा, 1912 च्या सुमाराचे. पहिल्यांदा वाटलं, 1918 ला गेलेल्या राघूचीच ही नोंद, आठ वर्षं उशिरा लागलेली. वारसनोंदी उशिरा लागतातच, आजही लागतात. पण तसं धरलं तर महादूचं कोडं तसंच राहतं.

उत्तर घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत निघालं. 1881 चं गहाणखत. दुष्काळानंतरचा काळ, सावकाराकडे रान गहाण. दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी 1879 चा कायदा झाला, त्यानं पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांत कुणब्याचं कर्जखत रजिस्ट्रारपुढे करणं सक्तीचं झालं. सावकारानं घरात बसून अंगठा घ्यायचा आणि आकडा नंतर भरायचा, हे थांबावं म्हणून. शेतकऱ्याचं भलं किती झालं ते इतिहासवाल्यांनी सांगावं. माझं मात्र झालं. कागदावर लिहून देणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, धंदा, वय, सगळं होतं: ‘राघू बिन बाळा, धंदा शेती, वय 35’.

जो 1881 मध्ये पस्तिशीचा, तो 1918 मध्ये तीस वर्षांचा कसा असेल? राघू बाळा दोन होते.

आमच्याकडं आजा गेला की पुढच्या नातवाला त्याचं नाव ठेवतात. आजा जिवंत असताना ठेवत नाहीत. सुनेनं सासऱ्याच्या नावाच्या पोराला हाक तरी कशी मारायची? एवढी एक रीत धरली तर बऱ्याच तारखा नुसत्या बसल्या जागी निघतात. धाकटा राघू 1888 च्या आसपासचा, म्हणजे थोरला राघू त्याआधी गेलेला. माझे आजोबा बाळा 1912 चे, म्हणजे मधला बाळा त्याआधी गेलेला. हा मधला बाळा तर फ्लेक्सवर नव्हताच. महादू त्याचा सख्खा भाऊ, दोघं थोरल्या राघूचे लेक. 1926 च्या फेरफारातला मयत खातेदार धाकटा नसून थोरला असावा असं माझं मत आहे. जमीन चाळीसेक वर्षं म्हाताऱ्याच्याच नावावर राहिली आणि मधल्या दोघांची नावं कधी लागलीच नाहीत. तलाठ्याला वारस कोण एवढंच हवं होतं. मधे किती माणसं होऊन गेली हे त्या रकान्यात मावत नाही.

मत असून भागत नाही, जोड दाखवावी लागते. ती मिळाली त्र्यंबकेश्वरी. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनावावरून यजमानांच्या नामावळ्या असतात, हे ऐकून होते. आमच्या गावचे उपाध्ये शोधून काढले. त्यांनी जुनी लांबोडकी वही काढली आणि शके 1854 च्या श्रावणात माझ्या आजोबांचा लेख निघाला. शकात 78 मिळवले की 1932. श्राद्धात पिंड तीन पिढ्यांचे, बाप, आजा, पणजा. तसेच बायकांचे, आजी, पणजी, आणि आई हयात नसेल तर आईचाही. म्हणून उपाध्ये नावं विचारतात ती नेमकी तेवढी. आजोबांनी लिहून दिलं होतं: बाप राघू, आजा बाळा, पणजा राघू. आणि बायका! सोना आई हयात, आजी गंगू, पणजी रखमा. तात्यांच्या फ्लेक्सवर राघूच्या दोन बायका दाखवल्या होत्या, रखमा आणि सोना. त्या सवती नव्हत्या. आजेसासू आणि नातसून होत्या.

उपाध्यांनी फोटो काढू दिला, दक्षिणा घेतली आणि माझ्या दोन्ही मुलांची नावं सासरच्या वहीत घालायला त्यांच्या भावाकडे जा म्हणाले.

पण मला चैन पडेना ते वेगळ्याच गोष्टीनं. तात्या हुशार माणूस, तालमीचा हिशेब पैसा-पैसा ठेवलेला. त्यांच्याकडून दोन पिढ्या गळाल्या कशा? विचारलं तर म्हणाले, “हेळव्यानं सांगितल्याली लिवली की. त्यो म्हातारा वाचताना अडखळत हुता. राघूचा बाळा, बाळाचा राघू, राघूचा बाळा, असं त्येच त्येच म्हणाय लागला. म्या आपलं दोनदा आल्यालं काढून टाकलं.”

हेळवी आमच्या भागात बेळगावकडून येतात. पूर्वी बैलावर यायचे, आता गाडीवर. घराण्याची वही वाचून दाखवायची, नवी नावं चढवायची, धान्य, कापड, पैसे घ्यायचे. म्हातारा अडखळत नव्हता, बरोबर वाचत होता. त्याच्या वहीला साल नाही, वय नाही, बायकाही नाहीत, पण बापामागं लेक ही साखळी मात्र घट्ट असते, कारण तेवढ्यासाठीच ती वही आहे. मला आता यातलं एकच कळतं: कागद खरा की खोटा यापेक्षा तो कुणी कशाला लिहिला हे आधी बघावं. कोतवालाला मेलेला माणूस मोजायचा होता, सावकाराला ऋणको धरायचा होता, उपाध्यांना पिंडाचं नाव हवं होतं. शाळेच्या रजिस्टरात तर निम्मं गाव 1 जूनला जन्मलंय.

नवी वंशावळ मी साध्या कागदावर काढली, प्रत्येक नावापुढे आधाराचा कागद लिहून. शपथपत्र दुरुस्त करून दिलं, सोबत गहाणखताचं मोडीतून केलेलं लिप्यंतर दिलं, जाणकाराच्या सहीनं. माझी स्वतःची सही चालत नव्हती, घरचीच म्हणून. फाइल मार्गी लागली.

मुलींची नावं घातली त्यावर मात्र बैठक बसली. 2005 पासून कायद्यानं लेकींना जन्मतःच वाटा आहे, त्यामुळे कागदावर लेकीचं नाव दिसलं की आमच्या भावकीला सातबाराच दिसतो. एक चुलत भाऊ म्हणाला, “आक्का, तुमचं राहू दे, आमच्या बहिणींची कशाला?” मी म्हटलं, वंशावळीत नाव नसलं म्हणून त्यांचा हक्क जात नाही, वकिलाला विचार. तो गप्प बसला, पटलं म्हणून नव्हे. नावं राहिली.

तात्यांनी कागद हातात घेऊन बोट फिरवत फिरवत पिढ्या मोजल्या. जुन्या झाडावर ते आणि मी एकाच पिढीचे, चुलतभाऊ-बहीण. नव्या हिशेबानं ते माझ्या आजोबांच्या पिढीचे निघाले.

“म्हंजे म्या तुजा आजा लागतो,” तात्या म्हणाले. “मग आजवर नुसतं तात्या तात्या म्हणत हुतीस ती?” आणि पाया पडून घेतलं. आता नवा फ्लेक्स त्यांना आणखी मोठा हवा आहे, आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे यावर बोलणं चालू आहे.