कशासाठी हवंय ते आधी सांगा

परवा लेकीच्या मैत्रिणीच्या आईचा फोन आला. रविवारी त्यांच्याकडे वाढदिवस, दहा-बारा मुली, घरीच पिझ्झा. "ताई, दुधाशिवायचं चांगलं चीज कोणतं? एक नाव सांगा, मी मागवून ठेवते." हा प्रश्न मला शाळेच्या गेटपाशी, लग्नाच्या पंगतीत, कुठेही येतो, आणि दर वेळी मी उलट विचारते, "कशासाठी हवंय?" समोरच्याला वाटतं मी उत्तर टाळतेय. पण उत्तर तिथूनच सुरू होतं. म्हणून आज एकदा सविस्तर लिहिते.

माझ्या लेकीला दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी आहे. अकरा महिन्यांची असताना पाडव्याला तिला बोटभर श्रीखंड चाटवलं आणि अर्ध्या तासात ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. आता ती आठवीत आहे. एवढ्या वर्षांत मी या विषयात जे शिकले ते चुलीपाशी शिकले.

सुरुवातीलाच एक सांगते, कारण निम्म्या लोकांचा घोळ इथेच होतो. दूध पचत नाही म्हणजे लॅक्टोज ही साखर पचत नाही, आणि अ‍ॅलर्जी असते ती प्रथिनांची. पहिल्या प्रकारच्या लोकांना मुरवलेलं चेडर बहुतेक वेळा सोसतं, कारण मुरताना लॅक्टोज जवळजवळ संपून जातं. त्यांना माझ्या उत्तराची गरज नसेलही. पण अ‍ॅलर्जी असेल तर 'लॅक्टोज-फ्री' लिहिलेलं पाकीटही चालत नाही. त्यात प्रथिनं तशीच असतात.

आता चीजकडे वळू. गाईच्या दुधातल्या प्रथिनांत साधारण ८० टक्के केसीन असतं. चीज गरम केल्यावर वितळतं, ताणलं की तार धरतं, गार झालं की पुन्हा घट्ट होतं, ही सगळी करामत त्या केसीनची आणि त्याला बांधून ठेवणाऱ्या कॅल्शियमची. काजूत, सोयाबीनमध्ये, नारळात असं एकही प्रथिन नाही. त्यामुळे दुधाशिवायचं चीज करणारा प्रत्येक जण या कामांपैकी एखाद-दुसरं काम दुसऱ्या कशाकडून तरी करून घेतो. तार स्टार्चकडून, घट्टपणा खोबरेल तेलाकडून, चव आंबवण्याकडून. सगळी कामं एकाच वेळी चोख करणारं पाकीट मला अजून मिळालेलं नाही. म्हणून मी आधी काम विचारते.

पिझ्झावर आणि टोस्ट सँडविचमध्ये तार हवी असते. त्यासाठी टॅपिओका स्टार्च लागतो, म्हणजे आपला साबुदाणा. साबुदाण्याची खिचडी चिकट झाली की आपण हळहळतो ना, तोच चिकटपणा इथे मुद्दाम आणायचा. कोरडा साबुदाणा मिक्सरमधून काढून मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या. अर्धी वाटी काजू तुकडा चार तास भिजवा आणि वाटीभर पाण्यात अगदी गंधासारखा वाटा. त्यात साबुदाण्याचं पीठ तीन मोठे चमचे, वास नसलेलं खोबरेल दोन चमचे, लिंबाचा रस, लसणाची एक पाकळी, मीठ. हे सगळं मध्यम आचेवर ठेवा आणि हात थांबवू नका. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही. मग एकदम गुठळ्या दिसायला लागतात आणि बिघडलं असं वाटून बहुतेक जण इथेच गॅस बंद करतात. बंद करू नका. ढवळत राहा. मिनिटभरात गुठळ्या एकमेकींत मिसळतात, मिश्रणाला चकाकी येते, ते कढईच्या कडा सोडतं आणि उलथणं वर उचललं की मागोमाग लांब पदर येतो. तो पदर आला की उतरवायचं. कॉर्नफ्लोअर घालून करून बघितलंय, दाट होतं, पण तार येत नाही.

विकतचं घ्यायचं असेल तर पाकिटावर घटकांची यादी वाचा. पहिल्या तीन-चार नावांत खोबरेल तेल आणि स्टार्च असेल तर ते वितळणार. फक्त त्याला वाफ लागते. दुधाच्या चीजमधून स्वतःचं तूप आणि पाणी सुटतं, इथे ओव्हनची कोरडी आच लागली की वरून साय धरल्यासारखं होतं आणि तुकडे तसेच राहतात. बारीक किसा, वर पाण्याचा हलका शिपका मारा आणि तव्यावर करत असाल तर झाकण ठेवा. टोस्टला तर मी झाकण ठेवतेच.

थंड सँडविचच्या स्लाइसचं गणित वेगळं आहे. डिसेंबरात पुण्यात खोबरेलाची बाटली थिजते, कोमट पाण्यात ठेवल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली घट्ट होतं, आणि स्लाइसचा टणकपणा बराचसा त्यातूनच येतो. म्हणून उन्हाळ्यात शाळेच्या डब्यात ही स्लाइस दहाच्या सुट्टीपर्यंत लिबलिबीत होते. घरी करताना मी स्लाइससाठी चायना ग्रास, म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेलं अगर-अगर, वापरते. ते एकदा घट्ट झालं की ८५ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही, त्यामुळे डब्यात आकार टिकतो. पण हीच स्लाइस पिझ्झावर घातलीत तर निराश व्हाल. ती तिथे नुसती बसून राहते.

पोषणाचंही इथेच सांगते. खोबरेल आणि स्टार्चच्या चीजमध्ये प्रथिनं नसल्यात जमा असतात. दुधाच्या चेडरमध्ये १०० ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम असतात. मुलं चीज खातात म्हणजे त्यांना काही मिळतंय, हा हिशेब इथे लागू होत नाही. प्रथिनांसाठी डाळ, सोयाबीन, टोफू आणि कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ हे वेगळं द्यावंच लागतं.

पनीरच्या बाबतीत मात्र मी बिनधास्त एक नाव देते, टोफू. दूध आंबट घालून फाडतात तेव्हा केसीनला बांधून ठेवणारं बरंच कॅल्शियम सुटतं, म्हणून पनीर वितळत नाही, नुसतं भाजलं जातं. टोफूही वितळत नाही. दोघांचा स्वभाव एक आहे. घट्ट टोफू फडक्यात गुंडाळून वर वरवंटा ठेवून अर्धा तास दाबा, पाणी निघालं पाहिजे, मग मीठ-लिंबू लावून ठेवा. पालकात, मटारात, बुर्जीला कोणी ओळखत नाही. पाकिटावर कॅल्शियम सल्फेट दिसलं तर तोच घ्या, थोडं कॅल्शियमही मिळतं.

आणि ब्रेडला, भाकरीला लावून खायचं मऊ, आंबूस चीज. हे मी विकत आणत नाही, कारण घरचं केव्हाही सरस होतं. वाटीभर काजू रात्रभर भिजवून कमीत कमी पाण्यात वाटायचे आणि त्यात शेंगदाण्याच्या दुधाचं दोन चमचे दही विरजण म्हणून मिसळायचं. (ते दही हिरव्या मिरचीची देठं घालून लागतं, पहिलं विरजण पातळ होतं, दुसरं चांगलं.) उन्हाळ्यात आठ-दहा तास, थंडीत पूर्ण दिवस. नाकाला आंबूस वास आला, बोट घातल्यावर आत बारीक जाळी दिसली की ते मलमलच्या फडक्यात बांधून फ्रिजमध्ये टांगायचं, चक्क्यासारखं. सकाळी मीठ घालून मळायचं, वर भरडलेली मिरी. आठवड्याच्या आत संपवायचं, आणि गुलाबी छटा किंवा केसाळ बुरशी दिसली तर वरवर खरवडत न बसता सगळंच टाकून द्यायचं. एका पाडव्याला मी या चक्क्यात मीठ न घालता साखर, केशर आणि वेलची घातली. लेक तेव्हा सात वर्षांची होती. वाटी चाटूनपुसून झाल्यावर तिने विचारलं, "श्रीखंड असं लागतं?" मी हो म्हणाले.

काजूची अ‍ॅलर्जी असलेल्या घरांत हेच सगळं मगजाने, म्हणजे सोललेल्या कलिंगडाच्या बियांनी होतं. रंग थोडा मळकट येतो, चव छान लागते. पास्त्यावर भुरभुरायला काजू, लसूण पावडर, मीठ आणि न्यूट्रिशनल यीस्ट (चीजसारखी चव देणारं, पीठ न फुगवणारं यीस्ट) कोरडं फिरवून बरणीत भरून ठेवा. ते यीस्ट महाग आहे, पण चमचाभराने काम भागतं.

आता पाकिटांबद्दल, आणि हे मी कळकळीने सांगतेय. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. त्यात दूध असू शकतं. भारतात व्हेगनसाठी वेगळी खूण आहे, २०२२ च्या नियमांनी आलेली, हिरव्या चौकटीत 'व्ही' अक्षर आणि त्यावर छोटं पान. शिवाय दुधाचा अंश नसलेल्या पदार्थाला इथे लेबलवर 'चीज' म्हणता येत नाही, त्यामुळे नावं निरनिराळी असतात. जर्मनीत राहणारी माझी नणंदही हाच अनुभव सांगते. युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये तसाच निकाल दिला होता. तेव्हा नाव शोधू नका, घटक वाचा. केसीन, सोडियम केसिनेट (केसीनचंच एक रूप), व्हे (दूध फाडल्यावर सुटणारं पाणी), मिल्क सॉलिड्स यांपैकी एक शब्द दिसला तरी पाकीट परत ठेवा. 'नॉन-डेअरी' लिहिलेल्या वस्तूतही केसिनेट सापडतं. एका हॉटेलात आम्हाला "मॅडम, हे दुधाचं नाहीच, पाम तेलाचं आहे" म्हणून पिझ्झा दिला. तेल पामचं होतं हे खरं, पण तार केसिनेटची होती. ती रात्र आम्ही दवाखान्यात काढली. तेव्हापासून मी बाहेर पाकीट दाखवा म्हणते. कोणी तोंड वाकडं केलं तर करू दे.

तर ताई, तुमचा रविवारचा पिझ्झा. शनिवारी दुपारी काजू भिजत घाला, संध्याकाळी ते तारेचं मिश्रण करून फ्रिजमध्ये ठेवा. रविवारी पिझ्झाच्या बेसवर सॉस, त्यावर भाज्या, आणि मिश्रणाचे चमच्याने छोटे छोटे गोळे सोडा. किसायला जाऊ नका, ते किसणीला चिकटतं. दुधाच्या चीजचे पिझ्झेही करणार असाल तर आमच्या मुलीचा आधी करा, वेगळ्या ताटलीत, वेगळ्या सुरीने. आणि साबुदाणा दळायचा कंटाळा आला तर सांगा, माझ्याकडे डबाभर पीठ तयार असतं, लेकीबरोबर पाठवून देते.