मांडवा ते रत्नागिरी: हँडलवर जीपीएस, खिशात फोन

हरिहरेश्वरपासून चार-पाच किलोमीटरवर बागमांडला. जेट्टीच्या उतारावर आलो तेव्हा समोर सावित्रीची खाडी, पलीकडे वेसवी आणि नुकतीच टेकत असलेली जंगलजेटी (फेरीबोटीला इकडे हेच म्हणतात). आणि सायकलच्या हँडलवरचं जीपीएस यंत्र टीं-टीं करून मला मागे फिरायला सांगत होतं. त्याच्या हिशेबाने वेसवीला जायचं तर उलटं म्हसळ्याला जाऊन आंबेतचा पूल गाठायचा. म्हणजे दिवस गेलाच.

चूक यंत्राची नव्हती. निघायच्या आदल्या रात्री घरी बसून मी पाच दिवसांचा रूट एका दमात आखला होता. रूट आखणाऱ्या प्लॅनर अ‍ॅपने बोट न धरता रस्ता धरला. किलोमीटरचा आकडा फुगलेला दिसत होता, तरी 'कोकणात वळणं असायचीच' म्हणत मी फाइल चढवली. बोटीवर सायकल रेलिंगला टेकवून आधी ती फाइल बंद केली.

जानेवारीत आम्ही दोघं ठाण्याहून निघालो. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) मांडवा, मग अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. पुढे आगरदांडा-दिघी बोट, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. मग वेसवीहून केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली. दाभोळ-धोपावे बोटीने गुहागर, हेदवी, आणि तवसाळ-जयगड ओलांडून मालगुंड, गणपतीपुळे, रत्नागिरी. मांडव्यापुढे बोटीने ओलांडलेल्या खाड्या चार. माझ्या हँडलवर जुना विकत घेतलेला गार्मिन एज ५३०, म्हणजे सायकलचं जीपीएस युनिट, २०१९ चं मॉडेल. जोडीदाराचं म्हणणं, 'फोन असताना हे खेळणं कशाला?' त्याने क्लॅम्पमध्ये फोन अडकवला होता. तुलना करायची असं काही ठरवलं नव्हतं, पण पाच दिवस तीच होत राहिली.

पहिल्याच दुपारी रेवदंड्याचा पूल ओलांडून काशीदकडे निघालो आणि फोनची स्क्रीन मंद झाली. त्याने ब्राइटनेस वाढवला, ती पुन्हा उतरली. काशीदच्या अलीकडे चढावर फोनने तापल्याची सूचना दाखवली आणि नकाशा बंद. सुरूच्या सावलीत थांबून त्याने ओला रुमाल फोनवर ठेवला. फोन गार झाला, पण ओल्या काचेवर आपोआप बटणं दाबली जायला लागली. नकाशा झूम होत होत थेट अरबी समुद्रात गेला. हसून हसून पाणी नाकात गेलं माझ्या.

कारण साधं आहे. फोनची स्क्रीन स्वतःच्या उजेडाने उन्हाशी झुंजते, त्यात बॅटरी जाते आणि उष्णता वाढते. सायकलच्या युनिटची स्क्रीन ऊनच परावर्तित करते, त्यामुळे भर बाराला ती उलट जास्त स्वच्छ दिसते. ५३० ला टचस्क्रीन नाही, बटणं आहेत. घामेजलेल्या हातमोज्यांनीही ती दाबता येतात. कंपनी बॅटरी वीस तासांपर्यंत चालेल म्हणते. सेन्सर जोडले की तेवढी मिळत नाही, पण एक दिवस आरामात निघतो. हँडलवरच्या फोनने जेवणाच्या आधीच मान टाकली होती.

आता माझी फजिती. ५३० चं चार्जिंग मायक्रो यूएसबी. मी घरातल्या सवयीने टाइप-सी केबल घेऊन निघालो. दुसऱ्या संध्याकाळी श्रीवर्धनच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात विचारलं तर पोरगा म्हणाला, "ही आता कोण नेत नाय, थांबा," आणि खालच्या खणातून धूळ पुसत एक काढून दिली. जुनं युनिट घेणार असाल तर त्याची केबल आधी पिशवीत टाका, बाकी सामान नंतर बघा.

फोनला कमी लेखायचं नाही. पुढचं गाव किती लांब, तिथे खोली मिळेल का, हे सगळं फोनवरच बघितलं. युनिटच्या अडीच इंचात आजूबाजूचा मुलूख दिसतच नाही, आणि बटणांनी 'आंजर्ले' टाइप करणं ही शिक्षा आहे. बऱ्याच जणांना वाटतं रेंज गेली की फोनचा जीपीएस गेला. तसं नाही. उपग्रहाचा सिग्नल मोबाइल टॉवरवर अवलंबून नसतो. नेटवर्कमुळे पहिलं लोकेशन लवकर सापडतं, एवढंच. ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमॅन्ड या नकाशांच्या अ‍ॅपमध्ये महाराष्ट्राचा नकाशा उतरवून ठेवला तर फ्लाइट मोडवरही रस्ता दिसतो, आणि सायकलचा रूटही ऑफलाइन काढता येतो. गूगल मॅप्सच्या ऑफलाइन नकाशात सायकलचा मार्ग मिळत नाही, हे लक्षात असू द्या.

केळशीच्या पुढे फोनच्या एका शॉर्टकटने आम्हाला जांभ्याच्या कच्च्या वाटेवर घातलं. पाऊण तास सायकल ढकलली. रस्ता जवळचा आहे हे नकाशाला कळतं, तो कसला आहे हे कळत नाही. शेवटी एका आजींनी कुंपणापलीकडून विचारलं, "सायकल घेऊन इकडे कुठं रे मेले?" आणि वाट दाखवली. त्या दिवसानंतर जोडीदाराने फोन क्लॅम्पमधून काढून जर्सीच्या खिशात ठेवला. राइड तिथूनही नीट रेकॉर्ड होते.

खिशात ठेवायचं आणखी एक कारण आहे. मोटरसायकलच्या जोरदार कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याची इमेज स्टॅबिलायझेशन (फोटो हलू न देणारी यंत्रणा) बिघडू शकते, असं अ‍ॅपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं होतं. सायकलला इंजिन नाही हे खरं, पण दाभोळच्या आधीचे खड्डे इंजिनाला भारी होते.

तुम्ही याच वाटेने जाणार असाल तर रूटचे तुकडे करा: जेट्टी ते जेट्टी एक फाइल. युनिटमध्ये आपोआप नवा रूट काढण्याची सोय बंद ठेवा, नाहीतर चहाला वळलात तरी ते ओरडतं. बोटीवर चढताना रेकॉर्डिंग हाताने थांबवा. बोट चालू असते म्हणून ऑटो-पॉज (थांबलं की रेकॉर्डिंग आपोआप थांबवणारी सोय) लागत नाही. आगरदांड्याला मी विसरलो आणि खाडीवरून सायकल चालवल्याची नोंद झाली. फोनवर रेकॉर्ड करत असाल तर त्या अ‍ॅपला बॅटरी सेव्हरमधून वगळा. नाहीतर फोन अ‍ॅपला मधेच झोपवतो आणि घाटातल्या वळणांच्या जागी सरळ रेघ उमटते. बोटीच्या वेळा आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या.

युनिट घ्यायचं का? शनिवार-रविवारच्या राइडसाठी मुळीच नको, त्या पैशात चांगले टायर घ्या. सलग तीन-चार दिवस निघणार असाल तर जुनं का होईना, घ्या. रस्ता दाखवायला नव्हे, फोन जिवंत राहावा म्हणून. खोली, पैसे, फोटो, घरी फोन, सगळं त्याच एका बॅटरीवर चालतं. त्यातून ५३० चं क्लाइंबप्रो मला फार आवडलं. आधी रूट चढवलेला असेल तर चालू चढ किती उरला ते दाखवतं. किनाऱ्याचा रस्ता सपाट असेल असं समजून येणाऱ्यांना आंजर्ले ते दाभोळ या पट्ट्यात त्याची किंमत कळते. जोडीदाराचं मत उलटं: "किती उरलंय ते कळलं की पाय जास्त दुखतात."

रत्नागिरीला सायकली पार्सलमध्ये दिल्या. देण्याआधी युनिट, लाइट, पंप, बाटली, सगळं काढून घ्या. मी युनिट काढलं, बाटली राहिली, आणि ठाण्याला सायकल आली ती बाटलीशिवाय.