तुम्ही विचारलंत म्हणून: हे ठेचलेलं नाणं

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारादिवशी दुकानात आलेलं गिऱ्हाईक काचेखालचं ते नाणं बघतं आणि विचारतं, "शेट, हें चेंचिल्लें नाणें कित्याक दवरलां? कितले येतले हाचे?"

चांदीच्या भावाने म्हणाल तर फार नाही, जेमतेम दोन ग्रॅम वजन. मुळात ते नहपानाचं, पश्चिम भारतातल्या शक क्षत्रप राजाचं. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला अशा 13 हजारांवर नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या 9 हजारांवर नाण्यांवर, नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. इतिहासवाले 'सातवाहनांचा विजय' म्हणून पुढे जातात. मी पडलो सोनार.

ठशात सगळं उलटं कोरायचं; नाक वर यायला हवं तर ठशात खड्डा. एवढ्याशा जागेत नहपानाचा चेहरा, कडेने ग्रीक अक्षरं (भाषा मात्र आपली प्राकृत), मागे ब्राह्मी आणि खरोष्ठी. त्या कारागिराला तिन्ही लिप्या वाचता येत असतील असं मला वाटत नाही. अंगठीवर अरबी नाव हवं असलं की मीही चिठ्ठीवरचं चित्रासारखंच उतरवतो.

सातकर्णीच्या कारागिराने नाणी आटवली नाहीत, हे मला फार पटतं. आटवायची तर मूस, कोळसा, भात्यावर माणूस, पुन्हा ओता, पुन्हा तोला. त्यापेक्षा खाली एक ठसा, वर दुसरा, मध्ये नाणं, आणि घाव. एका बाजूला तीन कमानींची टेकडी उठली, दुसऱ्या बाजूला उज्जैनी चिन्ह, म्हणजे अधिकच्या चार टोकांना चार वर्तुळं. दिवसाला पाचशे धरली, हा आपला माझा अंदाज, तरी 9 हजारांना अठरा दिवस. मी एकदा रुप्याच्या चकतीवर करून पाहिलं. ठसा सरकला आणि टेकडीला दोन कडा आल्या. अगदी तशीच दुहेरी कड या नाण्यावर आहे, आणि कमानीखालून नहपानाचं अर्धं नाक डोकावतं. त्या दिवशीचं ते कितवं नाणं होतं कोण जाणे; खांदा भरून आला असणार बिचाऱ्याचा.

घरात पोर्तुगालच्या लुईश राजाची 1882ची रुपियाही आहे. यंत्रावरची, गोल गरगरीत. ती कपाटातच असते.

मागच्या शुक्रवारी एका आजीने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तें खरें शेट, पूण म्हज्या पायजणांची घट कितली धरतलो?"