‘किंवा बदली जहाज’ : तीन शब्द, पाच भांडणं

चार्टर पार्टीच्या (जहाज भाड्याने घेण्याच्या कराराच्या) रिकॅपमध्ये, म्हणजे ठरलेल्या अटींच्या सारांशात, जहाजाच्या नावापुढे ‘किंवा बदली जहाज’ एवढं टाकून ब्रोकर मोकळे होतात. बदली देणं हा मालकाचा हक्क आहे की जबाबदारी, कधीपर्यंत द्यायची, किती वेळा, कोणत्या मापाचं जहाज, आणि मूळ जहाज बुडालं तर काय, हे सगळं अधांतरीच राहतं.

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महागात पडतो. इंग्लिश कायद्यात बदली देण्याची मुभा म्हणजे मुभाच. तिच्या जोरावर चार्टरर (जहाज भाड्याने घेणारा) बदली जहाज मागू शकत नाही. आणि १९८५च्या ‘बॅडॅग्री’ खटल्यात मालकालाही धक्का बसला. ठरलेलं जहाज नष्ट झालं की करार संपला, आणि करारासोबत बदली द्यायचा हक्कही गेला, असा निकाल लागला. म्हणून ‘जहाज नष्ट झालं तरीही’ हे शब्द कलमात स्पष्ट हवेत.

‘सुपर सर्व्हंट टू’ या जहाजाची गोष्ट याच्या उलट. ७ जुलै १९८०च्या करारानुसार ‘डॅन किंग’ ही ड्रिलिंग रिग जपानहून रॉटरडॅमजवळ न्यायची होती, सुपर सर्व्हंट वन किंवा टू, मालकाच्या मर्जीने. मालकाने मनाशी ‘टू’ ठरवलं होतं, ‘वन’ दुसऱ्या गिऱ्हाइकांना दिलं होतं. २९ जानेवारी १९८१ला ‘टू’ बुडालं. करार आपोआप संपला, हे मालकाचं म्हणणं अपील न्यायालयाने १९८९मध्ये फेटाळलं: ‘वन’ तरंगत होतं, ते दुसऱ्यांना देणं ही तुमचीच निवड. फोर्स मेजरच्या (आवाक्याबाहेरच्या संकटाच्या) कलमाचा आधार उरला, तोही बुडण्यात मालकाचा किंवा त्याच्या माणसांचा निष्काळजीपणा नसेल तरच. मला हा निकाल योग्य वाटतो. दोन नावं लिहिली की जोखीमही दोन्हींची घ्यावी लागते.

आता मापाचं. ‘तत्सम जहाज’ या शब्दावर विसंबू नका. समजा, माल ५०,००० टन, पाच टक्के कमी-जास्त मालकाच्या मर्जीने. म्हणजे किमान ४७,५०० टन उचललाच पाहिजे. बदली जहाज ४६,००० टनच घेत असेल तर १,५०० टन धक्क्यावर राहणार. डेडवेट (जहाजाची वजन पेलण्याची क्षमता) पुरेसं असूनही घात होतोच: बंदरात क्रेन नाहीत आणि बदली जहाज गिअरलेस (स्वतःच्या क्रेन नसलेलं) निघालं, किंवा ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) बसत नाही. म्हणून मालाची क्षमता, ड्राफ्ट, लांबी, होल्ड (मालाची कोठारं) आणि हॅच (त्यांची तोंडं), क्रेनची उचल, वय, क्लास (जहाजाची तपासणी करून दर्जा देणारी संस्था), पी अँड आय क्लब (मालकाच्या दायित्वाचा विमा देणारी संघटना) हे सगळं आकड्यांत आणि नावानिशी लिहावं. लेकॅन (जहाज माल भरायला हजर व्हायची ठरलेली मुदत) मूळचाच राहील, आणि बदलीचं नाव लेकॅन सुरू होण्याआधी अमुक दिवस कळवायचं, हेही.

बदलीचं जहाज पटलं नाही तर त्याच दिवशी लेखी हरकत घ्या, हक्क राखून ठेवल्याचं नोंदवा. गप्प राहून माल चढवायला लागलात, की तुम्ही ते जहाज स्वीकारलं असा युक्तिवाद लवादापुढे मालकाच्या हाती येतो.