मीटिंगमधली ॲडिशन

इम्प्रोव्ह, म्हणजे आधी न लिहिता स्टेजवर उभ्या उभ्या रचलेलं नाटक, शिकलं की माणूस चटपटीत बोलायला लागतो, टीमसमोर छाप पडते, म्हणून लीडर लोकांनी ते शिकावं असं बरेच जण सांगतात. मला त्यातलं बोलणं दुय्यम वाटतं. मी ऑफिसात टीम सांभाळते, वीकेंडला इम्प्रोव्हच्या ग्रुपमध्ये जाते, आणि कामात खरा उपयोग झालाय तो ऐकण्याचा.

एक साधा खेळ आहे, समोरच्याच्या वाक्यातला शेवटचा शब्द घ्यायचा आणि आपलं वाक्य त्यानेच सुरू करायचं. करून बघा, भलताच अवघड जातो, कारण समोरचा अर्ध्यात असतानाच आपण मनात उत्तर जुळवायला घेतलेलं असतं. त्यात आपल्याकडे नकार येतो वाक्याच्या शेवटी, म्हणजे "हे शुक्रवारपर्यंत होईल असं मला वाटत..." एवढं ऐकून मॅनेजर पुढच्या स्लाइडवर गेलेला असतो आणि बिचाऱ्याचं "नाही" तोंडातच राहतं. या खेळाची सवय असेल तर तुम्ही त्या "नाही"साठी थांबता आणि विचारता, "नाही वाटत, तर अडतंय कुठे?" माझ्या मते अर्धं लीडरशिप ट्रेनिंग या एका प्रश्नात आहे.

आणि हे खेळ मुळात विनोदासाठी नव्हतेच हो. व्हायोला स्पोलिन या नाट्यशिक्षिकेने शिकागोत १९३० च्या दशकाच्या शेवटी, मंदीच्या काळातल्या सरकारी योजनेतून, वस्त्यांमधल्या मुलांसाठी ते रचायला घेतले, त्यात स्थलांतरितांची मुलं खूप, प्रत्येकाच्या घरची भाषा वेगळी, मग एकमेकांशी जुळवायचं कसं, हा प्रश्न होता. पुढे त्यांचा मुलगा पॉल सिल्स आणि साथीदारांनी १९५९ मध्ये सेकंड सिटी हे थिएटर सुरू केलं आणि लोकांना ते कॉमेडी म्हणून माहीत झालं. आज तीच सेकंड सिटी कंपन्यांना ट्रेनिंग देते. ट्विटरचे माजी सीईओ डिक कॉस्टोलो हेही आधी शिकागोत इम्प्रोव्ह करायचे.

आपल्याकडे तरी हे कुठे नवीन आहे म्हणा. जुन्या तमाशात वग लिहिलेला नसायचा, गोष्ट ठरलेली आणि संवाद उभ्या उभ्या जुळवायचे. दादा कोंडके 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये ताज्या घडामोडींवर ॲडिशन, म्हणजे संहितेत नसलेलं ऐनवेळचं वाक्य, घ्यायचे ते सगळ्यांना माहितीये, पण ॲडिशन रंगते ती समोरचा नट ती झेलतो म्हणून, आणि त्या झेलणाऱ्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. टीम लीडचं काम मला नेमकं तेच वाटतं.

आता "हो, आणि". समोरच्याने जे दिलं ते स्वीकारायचं आणि त्यात भर घालायची, हा इम्प्रोव्हचा पहिला नियम. कॉर्पोरेट वर्कशॉपमध्ये याचा अर्थ "सगळ्याला हो म्हणा" असा करून टाकतात त्याचा मला मनापासून राग येतो, कारण त्याचा भार शेवटी रात्री जागणाऱ्या डेव्हलपरवर पडतो. क्लायंटने तारीख अलीकडे आणली तर मी म्हणते, "हो, तुम्हाला सणाच्या आधी लाँच हवंय, आणि म्हणून लॉगिन आणि पेमेंट आधी देऊ, रिपोर्ट्स नंतर." त्याची गरज मी स्वीकारली, तारखेवर बोलणं अजून चालू आहे.

सगळ्यात मोलाचं मात्र स्टेटस. इम्प्रोव्हचे शिक्षक कीथ जॉनस्टन लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये नटांना सांगायचे की आपला स्टेटस समोरच्यापेक्षा किंचितच वर किंवा किंचितच खाली ठेवा. इथे स्टेटस म्हणजे हुद्दा नाही, वागणं. कोण आधी नजर वळवतं, कोण खुर्चीत पसरून बसतं, कोण दुसऱ्याचं वाक्य तोडतं. आपल्या ऑफिसांत "सर, सर" करत बॉस आधीच इतका वर बसलेला असतो की त्याने पहिलं मत दिलं की चर्चा संपलीच. त्यामुळे मी सगळ्यात शेवटी बोलते, सुरुवात टीममध्ये सगळ्यात नवीन असलेल्याकडून. पहिले काही आठवडे नुसती शांतता असते, ती सहन करावी लागते, मध्ये पडून भरून काढायची नाही.

अप्रेझलला मात्र हे करू नका. पगाराचा आकडा तुमच्या हातात असताना खाली बसल्याचं नाटक समोरच्याला लगेच कळतं, तिथे मुद्दे लिहून न्यावेत आणि सरळ सांगावेत.